गळकी खिडकी आणि अप्पांची वही

(आपल्या 1997 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2025 मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलायचे राहिलेले दोन-तीन मुद्दे इथे घातले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं करिअर’. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की मला हाच विषय मिळतो, सोसायटीच्या गणपतीतसुद्धा. मी त्यांना फोनवर म्हटलं, मी खिडक्यांवर बोलते. ते म्हणाले, म्हणजे विंडोज का? म्हटलं, नाही रे बाबा, खरोखरच्या खिडक्या. ॲल्युमिनियमच्या, लाकडाच्या, गळणाऱ्या.

कारण सांगते. यंदा सप्टेंबरात सीनेला पूर आला तो आठवडा आठवा. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. ज्यांची घरंच गेली त्यांच्यापुढे माझा विषय किरकोळ आहे, याची मला जाणीव आहे. पण त्याच आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका मित्राने व्हिडिओ टाकला. दोन वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट, हॉलची स्लायडिंग खिडकी बंद, आणि खालच्या पट्टीवरून पाणी धार लावून सोफ्यावर. त्यावर साठ-सत्तर मेसेज आले. कोणी म्हणालं सिलिकॉन मार, कोणी म्हणालं बिल्डरला सोडू नको, एकाने खिडकीची दिशा विचारली. फ्लॅटचा ताबा कोणत्या तारखेला मिळाला, हे मात्र एकानेही विचारलं नाही. करार कोणाच्या नावावर आहे, हेही नाही. तिसऱ्या दिवशी मित्राने लिहिलं, ‘माणूस बोलावून सिलिकॉन मारून घेतलं, अडीच हजार गेले, विषय संपला.’ सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण हीच चूक मी केली होती आणि ती मला बरीच महाग पडली होती. तीच आज सांगणार आहे.

आपल्या वर्गाच्या खिडक्या आठवतात ना? तावदान नाही, नुसते गज आणि लाकडी झडपा. एका झडपेचा आकडा कायम तुटलेला, तो सुतळीने बांधलेला. गदगकडची गाडी शिट्टी मारत गेली की ती झडप थरथरायची आणि इतिहासाच्या बाई दोन मिनिटं गप्प बसायच्या. निम्मा वर्ग घरी कन्नड बोलणारा, त्यामुळे दाराला ‘बागिलु’ आणि खिडकीला ‘किटकी’ म्हणणारे आपणच. त्या खिडकीकडून कोणाचीच कसली अपेक्षा नव्हती. पाऊस आला की बाकं सरकवायची. मला वाटतं, आपली पिढी फ्लॅटमध्ये राहायला गेली ती बाकं सरकवण्याची सवय घेऊनच गेली. पाणी आलं की फडकं लावायचं, दार फुगलं की रंधा मारायचा. पन्नास लाख मोजलेत आणि त्यात खिडकीचे पैसे धरलेले आहेत, हे डोक्यातच येत नाही.

माझे वडील होटगी जंक्शनला केबिनमध्ये होते, तुमच्यापैकी रेल्वे क्वार्टरमधल्यांना माहीत आहेत. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. मी पुण्यात नोकरीला स्थिरावल्यावर अप्पा-आईसाठी सोलापुरात फ्लॅट घेतला. करारनामा माझ्या आणि आईच्या नावावर केला. 2019 च्या दसऱ्याला ताबा मिळाला. पेढे वाटले, किल्ल्या घेतल्या, बिल्डरच्या माणसाने एक छापील कागद पुढे केला आणि आम्ही सही केली. त्यावर लिहिलं होतं की फ्लॅट पाहून, तपासून, समाधानाने ताब्यात घेतला. तपासलं काय होतं? नळ सोडून बघितले आणि लाइटची बटणं दाबली. खिडकी उघडून परत बंद करून बघितली नाही.

आता सोलापूरची एक गंमत आहे. आपल्याकडे खिडकीची परीक्षा लवकर होत नाही. उन्हाळा चाळीसच्या वर जातो, लाकूड सुकतं, फट पडते, चौकटीभोवतीचा लांबी-सिलिकॉन तडकतो, पण दिसत काही नाही. पुण्या-मुंबईत पहिल्याच जूनमध्ये खिडकी उघडी पडते. आपल्याकडे रिमझिम चार थेंब पडतात आणि दोष दडून राहतो. इकडे ताब्याच्या तारखेपासून कायद्याचं घड्याळ मात्र चालू झालेलं असतं.

आमची परीक्षा झाली 14 ऑक्टोबर 2020 ला. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा काकीनाड्याजवळ जमिनीवर आला आणि तेलंगणातून सरळ आपल्यावर आला, ती रात्र इथे सगळ्यांना आठवत असेल. फ्लॅटला आठ खिडक्या. त्यातल्या सहांमधून पाणी आलं. मुख्य दार फ्लश डोअरचं, ते खालून फुगलं आणि चौकटीत अडकलं. आईला दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला दार उघडता येईना.

मी पुण्याहून काय केलं? बिल्डरच्या साइट इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, माणूस पाठवतो.’ पंधरा दिवसांनी परत फोन. ‘मॅडम, दिवाळी झाली की पाठवतो.’ असं मी दीड वर्ष केलं. मी संगणक अभियंता आहे, आमच्याकडे कोणी नुसतं ‘चालत नाही’ असं कळवलं तर आम्ही ती तक्रार परत पाठवतो, कधी, कुठे, काय करताना बिघडलं ते लिहा म्हणतो. तीच मी घराच्या बाबतीत दीड वर्ष फोनवर ‘अहो, खिडकी गळतेय’ एवढंच म्हणत राहिले. ते कुठेच नोंदलं गेलं नाही.

अप्पांनी काय केलं, ते मला नंतर कळलं. केबिनमध्ये आयुष्य गेलेला माणूस. तिथे प्रत्येक गाडीची वेळ रजिस्टरात, स्टेशनमास्तरशी देवाणघेवाण झालेला प्रायव्हेट नंबर रजिस्टरात. ते म्हणायचे, रजिस्टरात नाही म्हणजे गाडी गेलीच नाही. त्यांनी 16 ऑक्टोबरला बिल्डरच्या ऑफिसच्या पत्त्यावर फुलस्केपवर पत्र लिहिलं आणि रजिस्टर्ड एडीने पाठवलं. कोणत्या खोलीची कोणती खिडकी, पाणी कुठून आलं, वरून की खालच्या ट्रॅकमधून, किती वेळ. लाल पोचपावती परत आली ती पत्राच्या प्रतीला टाचली. असं दीड वर्षात पाच वेळा. शिवाय एका दोनशे पानी वहीत पावसाची नोंद: तारीख, वेळ, पाऊस जोराचा की भुरभुर, वारा कुठून, कोणती खिडकी गळली, कोणती नाही. मी सुट्टीला आले की ही वही बघून हसायचे. म्हणायचे, अप्पा, रिटायर झालात, आता तरी गाड्या मोजू नका.

(जाता जाता: ते रजिस्टर्ड पोस्ट आता राहिलं नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून टपाल खात्याने ते स्पीड पोस्टात मिळवून टाकलं. अप्पांना हे सांगितलं तर घरातलं कोणी गेल्यासारखे बसून राहिले. पण पोच अजूनही मिळते, स्पीड पोस्ट करताना मागून घ्यायची.)

आता माझी चूक. जुलै 2021 मध्ये मी घरी आले असताना स्वयंपाकघराची खिडकी आईच्या शेगडीवर गळत होती. माझं डोकं फिरलं. ओळखीचा फॅब्रिकेटर बोलावला, खिडकी चौकटीसकट काढली, नवीन बसवली, नऊ हजार दिले, जुनी भंगारवाल्याला दिली. फोटोसुद्धा काढला नाही. अप्पा दारात उभे राहून एवढंच म्हणाले, ‘कागद न करता काढलीस की गं.’ मी म्हटलं, कागदाने पाणी थांबतं का?

पुढे याच खिडकीने आम्हाला घोळात घातलं. पण आधी कायदा सांगते, म्हणजे घोळ कळेल.

स्थावर संपदेचा कायदा, ज्याला आपण रेरा म्हणतो, तो 2016 चा. आपल्या राज्यात महारेराचं काम 1 मे 2017 पासून सुरू झालं. त्याच्या कलम 14 मध्ये तिसरं पोटकलम आहे, हे आकडे फोनमध्ये टिपून ठेवा: 14(3). ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष, किंवा कामाच्या, मालाच्या दर्जातला दोष तुम्ही बिल्डरच्या नजरेला आणून दिला, तर त्याने तीस दिवसांत, एक पैसाही न घेता तो दुरुस्त करायचा आहे. नाही केला तर नुकसानभरपाई. लोकांना वाटतं ही पाच वर्षं फक्त कॉलम-बीम-स्लॅबसाठी आहेत. तसं नाही. कायद्यात बांधणीचा दोष ‘किंवा’ कामाचा, दर्जाचा दोष असं आहे. खिडकीची चौकट भिंतीत नीट बसवली नाही, बाहेरच्या सिलला उतार बाहेरच्या बाजूला न देता आत दिला, स्लायडिंगच्या ट्रॅकला पाणी जायची भोकंच पाडली नाहीत किंवा पाडून सिमेंटने बुजवली, हे सगळं यात येतं. आमच्या सहा खिडक्यांपैकी चारांची भोकं सिमेंटने बुजलेली होती. बाहेरून रंगकाम करताना झालं असावं.

दोष ‘नजरेला आणून दिला’ हे सिद्ध कशाने करणार? माझ्या दीड वर्षाच्या फोनने? तो इंजिनिअर तर 2022 पर्यंत नोकरी सोडूनही गेला होता.

आणि मग बिल्डरच्या बाजूने तीन गोष्टी आल्या. करारनाम्यात सहसा त्यांची पायाभरणी केलेलीच असते, म्हणून तुम्हाला सांगते. पहिली, पाऊस असाधारण होता, निसर्गाच्या लहरीला आम्ही जबाबदार नाही. पुष्कळ करारनाम्यांत तशी ओळ असते, की नेहमीची झीज, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा आणि निसर्गाचा लहरीपणा म्हणजे दोष नव्हे. दुसरी, तुम्ही स्वतः फेरफार केलेत, स्वयंपाकघराची खिडकी बदललीत, म्हणून आमची जबाबदारी संपली. लेखी परवानगीशिवाय बदल केले तर दोषाची हमी रद्द होते, हेही त्याच कलमाच्या आसपास असतं. तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागली. पत्रं लिहिणारे गृहस्थ करारात नाहीत, फ्लॅट त्यांच्या नावावर नाही, म्हणून त्यांची पत्रं आम्ही सूचना म्हणून धरत नाही.

ऐकून मी खुर्चीत बसूनच राहिले. पाच पत्रं, पाच पोचपावत्या, आणि त्या माणसाला कायद्याने पत्र लिहायचा अधिकारच नाही? सोलापुरातल्या एका वकीलबाईंनी मला सावरलं. त्यांनी पाचही पत्रं टेबलावर मांडली आणि तिसऱ्या पत्रावर बोट ठेवलं. अप्पांच्या सहीखाली आईची सही होती. अप्पा त्या दिवशी दवाखान्यात जायच्या गडबडीत होते, तर पत्र आईने पोस्टात टाकलं, आणि टाकताना ‘मी पण राहते की या घरात’ म्हणून खाली सही केली. आई आपल्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली आहे. ते पत्र मार्च 2021 चं, पाच वर्षांच्या आतलं, आणि करारातल्या बाईच्या सहीचं. तेवढं पुरलं.

पावसाच्या मुद्द्याला वही उपयोगी पडली. 14 ऑक्टोबरचा पाऊस असाधारण होता, मान्य. पण वहीत 2021 च्या जूनमधल्या भुरभुरीलाही पूर्वेकडच्या दोन खिडक्या गळाल्याची नोंद होती, आणि ऑगस्टमधल्या मोठ्या सरीला पश्चिमेची एक गळाली नाही, हीसुद्धा. वकीलबाई म्हणाल्या, ही दुसरी नोंद जास्त मोलाची. जो गळली नाही तेही लिहितो, त्याच्या गळली या शब्दाला वजन येतं. शिवाय आम्ही एका स्थापत्य अभियंत्याला आणून पाण्याची चाचणी केली. बाहेरून पाइपने ठरावीक वेळ पाणी मारायचं, आतून घड्याळ दिसेल असा व्हिडिओ, आणि त्याचा सहीचा अहवाल. पुष्कळ करारनाम्यांत दोषाचा दावा करण्याआधी तज्ज्ञाची पाहणी हवी असं लिहिलेलं असतं, ते नीट वाचा.

जुलै 2022 मध्ये महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली. फी पाच हजार रुपये. तिथे एक सलोखा मंचही आहे, ग्राहक संघटनांचे आणि बिल्डरांच्या संघटनांचे लोक मिळून मध्यस्थी करतात, दोन्ही बाजू तयार असतील तर तो रस्ता कमी दगदगीचा. आमचं प्रकरण शेवटी आपसात मिटलं. पाच खिडक्या काढून परत बसवल्या, मुख्य दार बदललं, भिंतीच्या रंगाचे थोडे पैसे दिले. स्वयंपाकघराच्या खिडकीवर पाणी सोडावं लागलं, आणि ती मध्ये आणल्यामुळे चार-पाच महिने वाया गेले ते वेगळेच. सगळं मिळून चौदा महिने. मिटवताना अटी कागदावर, सह्यांसकट, तारखांसकट घेतल्या आणि त्या तक्रारीच्या नोंदीत दाखल केल्या. ‘करून देतो हो ताई’ यावर तक्रार मागे घेऊ नका.

आता तुमच्यापैकी प्रत्येकाचा फ्लॅट रेरात बसेलच असं नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट, किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेली इमारत, यांना रेराची नोंदणी लागत नाही. तशा इमारती आपल्या भागात तुम्ही बघितल्याच असतील. त्यांच्यासाठी 1963 चा महाराष्ट्राचा जुना मोफा कायदा आहे, त्यात दोष कळवायची मुदत तीन वर्षांची. आणि सगळ्यांसाठी ग्राहक आयोग आहे. घर बांधून देणं ही सेवा आहे आणि ती घेणारा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं. रेरा आल्यावर बिल्डर म्हणू लागले की आता ग्राहक आयोगात जाता येणार नाही, तर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही खोडून काढलं. दोन्ही दारं उघडी आहेत, पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे पळू नका, एक निवडा. दुरुस्ती करून हवी असेल तर रेरा सोयीचं वाटतं. नुसते पैसे हवे असतील, तर रेरातही भरपाई ठरवणारा अधिकारी वेगळा असतो, तेव्हा वकिलाशी बोलून ठरवा.

ग्राहक आयोगाबद्दल आपल्याकडे उगाच भीती आहे. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तुम्ही मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे इथे सोलापुरातच. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील हवाच असं नाही, स्वतः उभं राहता येतं. आणि तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस ठाण्यात असो की अहमदाबादला. अट एकच कडक आहे, दोन वर्षं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हायला हवी. उशीर माफ होतो, पण कारण पटवावं लागतं, आणि ‘तो माणूस पाठवतो म्हणत होता’ हे काही फार जोरदार कारण नाही. मी स्वतः तेच दिलं असतं. कायदा म्हणतो निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तेवढ्यात होत नाही, त्या हिशेबाने जाऊ नका.

पण इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी फ्लॅट घेतलेलाच नाही. होटगीत, कुंभारीकडे, विजापूर रोडला स्वतःच्या प्लॉटवर घर बांधलंय. त्यांना रेरा नाही, बिल्डरच नाही. तिथे खिडकी गळली की खेळ सुरू होतो टोलवाटोलवीचा. यूपीव्हीसीच्या प्रोफाइलची कंपनी म्हणते आमचा माल चोख, फॅब्रिकेटरने बसवलं चुकीचं. फॅब्रिकेटर म्हणतो गवंड्याने भिंतीतली जागाच ओळंब्यात सोडली नाही. गवंडी म्हणतो मला खिडकी येण्याआधीच प्लास्टर करायला लावलं. आणि खरं सांगू, कधीकधी तिघंही बरोबर असतात. कायद्यात मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा या तिघांची जबाबदारी वेगवेगळी सांगितली आहे. कोणाचं चुकलं हे ठरवणं तुमचं काम नाही. तक्रारीत सगळ्यांना सामनेवाले करा. पण त्यासाठी त्यांनी तुमच्याकडून पैसे घेतल्याचा कागद लागतो. आपल्याकडे घर बांधलं जातं बोलीवर. पंचवीस टक्के रोख, बाकी काम झाल्यावर, आणि कोटेशन सिगारेटच्या पाकिटाच्या मागे. जीएसटी वाचतो म्हणून पक्कं बिल घेत नाही आणि मग दहा वर्षांची हमी कोणाच्या गळ्यात मारणार? निदान पैसे फोनवरून पाठवा, मेसेजमध्ये ‘खिडक्यांसाठी’ असं लिहा. कोटेशनवर चौकटीचा प्रकार, काचेची जाडी, जाळी, हार्डवेअर, आणि बसवण्याचं काम कोणाकडे, हे लिहून घ्या. दाराचं म्हणाल तर फ्लश डोअरला आयएस 2202 हे भारतीय मानक आहे. दुकानदाराला ‘वॉटरप्रूफ आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. मानकाचा शिक्का आहे का ते दारावर बघा आणि बिलावर लिहून घ्या.

एका मैत्रिणीने काल फोनवर विचारलं की तिच्या शिवणकामाच्या दुकानाचं शटर सहा महिन्यांत वाकलं, ती ग्राहक आहे का? धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नाही, पण स्वतः राबून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू चालते. तू स्वतः मशीनवर बसतेस ना? मग आहेस.

आणि ज्यांनी फ्लॅट दुसऱ्याकडून विकत घेतलाय, त्यांना वाटतं मूळ बिल्डरशी आपलं काही नातं नाही. रेरामध्ये पुढे विकत घेणाराही धरलेला आहे. फक्त पाच वर्षं पहिल्या ताब्यापासून मोजायची, तुमच्या खरेदीपासून नाही. जुन्या मालकाकडून ताबापत्राची प्रत मागून घ्या.

हुकूम झाला तरी बिल्डर पैसे देत नाही, असंही विचाराल. महारेराच्या रकमेची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, वॉरंट निघतं, पण वसुली रखडल्याच्या तक्रारी राज्यभर आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ग्राहक आयोगाचा आदेश मोडला तर तुरुंगाचीही तरतूद आहे. माझ्या ओळखीत तिथपर्यंत फार कोणी गेलेलं नाही. बहुतेकांचं काम नोटीस आणि पहिल्या-दुसऱ्या तारखेतच होतं, कारण समोरच्यालाही कळतं की यांच्याकडे कागद आहेत.

ज्या मित्राने सिलिकॉन मारून घेतलं तो समोरच बसलाय, आणि मघापासून मला हाताने गप्प बस म्हणतोय. तुझं काही बिघडलेलं नाही. ताबा 2023 चा म्हणालास, म्हणजे 2028 पर्यंत वेळ आहे. तो व्हिडिओ ग्रुपवर आहे, तारखेसकट आहे, तो आधी डाउनलोड करून ठेव, कोणीतरी ग्रुप साफ करायच्या आत. सिलिकॉन लावलेल्याचा फोटो काढ, ज्याने लावलं त्याची पावती घे. खिडकी काढू नको. पुढच्या पावसात परत गळली, आणि ती गळणार, कारण आतून लावलेलं सिलिकॉन बाहेरून येणाऱ्या पाण्याला फक्त दुसरी वाट दाखवतं, की त्याच दिवशी पत्र. आणि करार वहिनींच्या नावावरही असेल तर पत्रावर दोघांच्या सह्या.

अप्पा आज आलेत, मागच्या रांगेत टोपी घालून बसलेत ते. वही आणायला मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच आणली आहे. पाच वर्षांची मुदत गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपली, खिडक्या आता गळत नाहीत, तरी नोंद चालू आहे. यंदाच्या सप्टेंबरची आठ पानं आहेत.

भाकरी-शेंगाचटणीचा वास इथपर्यंत यायला लागलाय, म्हणून थांबते. जेवण झाल्यावर मी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसणार आहे. ज्यांच्या फोनमध्ये करारनाम्याची पीडीएफ आहे त्यांनी ती उघडून आणा. परिशिष्ट ‘ई’ शोधा, फिटिंग्ज आणि सुविधा बहुतेक त्यात असतात. दारं-खिडक्यांचं लिहिलेलं काय आणि बसवलेलं काय, ते एकेकाचं बघू.